दुपारच्या झोपेवरून सोसायटीच्या ग्रुपवर

मोहन काका (ए-२०३): नमस्कार मंडळी. हा मेसेज मला सकाळपासून तीन ठिकाणांहून आला. "दुपारी झोपणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका दुप्पट! आजच सवय सोडा. दहा जणांना पाठवा." रिटायर झाल्यापासून मी जेवून तास-दीड तास आडवा होतो. हिने तर आज चटईच उचलून ठेवली. मेघना, तू डॉक्टर आहेस म्हणून विचारतो, यात तथ्य किती?

सुलभा काकू (ए-२०३): काळजी वाटते म्हणून उचलली.

विजया काकू (बी-१०२): आमचे वैद्य कधीपासून सांगतायत, दिवास्वाप, म्हणजे दिवसाची झोप, वर्ज्य. कफ वाढतो, वजन वाढतं.

अनिल दादा (सेक्रेटरी): मेघनाताई ओपीडीत असतील. तोवर कृपया हा मेसेज कोणी पुढे पाठवू नका.

डॉ. मेघना (सी-५०१): आत्ताच मोकळी झाले. काका, ते "दुप्पट" कुठून आणलं हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. खरे अभ्यास झालेत, पण ते एका सुरात बोलत नाहीत. ग्रीसमध्ये २३ हजारांवर धडधाकट माणसांचा काही वर्षं मागोवा घेतला, २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. आठवड्यातून तीनदा तरी, अर्धा तास किंवा जास्त झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी दिसले. नोकरी करणाऱ्या पुरुषांत हा फरक जास्त ठळक होता. उलट ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांवर लोकांची माहिती २०२२ मध्ये तपासली, तर नेहमी दुपारी झोपणाऱ्यांना पुढे बीपी जडण्याचं प्रमाण १२ टक्के आणि पक्षाघाताचं २४ टक्के जास्त निघालं. ज्याला जो अभ्यास सापडतो त्याचा तो मेसेज करतो.

अनिल दादा (सेक्रेटरी): मग आम्ही धरायचं काय?

डॉ. मेघना (सी-५०१): यावर मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास लोझानचा आहे, स्वित्झर्लंडमधला, २०१९ चा. ३,४६२ लोक, साधारण पाच वर्षं. जवळजवळ रोज दुपारी झोपणाऱ्यांत हृदयाचा धोका आधी ६७ टक्के जास्त दिसला. मग संशोधकांनी वय, वजन, सिगारेट, बीपी, रात्रीची झोप हे सगळं हिशेबात धरलं आणि तो फरक जवळपास पुसला गेला. कारण रोज झोपणारे मुळात वयाने मोठे, वजनाने जास्त, सिगारेट ओढणारे होते, आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही त्यांच्यात जास्त होता. आठवड्यातून एकदा-दोनदा झोपणाऱ्यांत धोका ४८ टक्के कमी निघाला, पण त्यावरूनही लगेच नियम बांधू नका. त्या पाच वर्षांत एकूण १५५ जणांनाच हृदयाचा किंवा पक्षाघाताचा झटका आला होता. एवढ्या लहान आकड्यावर फार भार टाकता येत नाही.

माझ्या पेशंटमध्ये मी हेच बघते. शरीरात आधीच काहीतरी बिनसलेलं असतं, रात्रीची झोप अंगी लागत नाही, म्हणून दुपारी डोळे मिटतात. आणि दोष जातो दुपारच्या झोपेवर. त्यामुळे काका, किती वेळ झोपता यापेक्षा इतकी झोप येते का, हे मला आधी विचारायचंय. तुम्ही मला पर्सनलवर लिहा.

मोहन काका (ए-२०३): पर्सनल कशाला? इथे माझ्या वयाची बरीच मंडळी आहेत. इथेच विचार.

डॉ. मेघना (सी-५०१): बरं. रात्री किती झोपता? सकाळी ताजंतवानं वाटतं का?

सुलभा काकू (ए-२०३): मी सांगते. रात्री साडेनऊला पडतात ते सहापर्यंत. तरी उठल्यावर डोकं जड. पेपर हातात घेतात आणि दोन पानांत मान खाली. घोरणं तर भिंतीपलीकडे जातं. पण मला भीती घोरण्याची नाही. घोरता घोरता मध्येच सगळं शांत होतं, छाती हलते पण श्वास ऐकू येत नाही. मग एकदम हिसका बसून मोठ्याने श्वास घेतात, कूस बदलतात, पुन्हा सुरू. मी कितीदा हात लावून बघते.

मोहन काका (ए-२०३): हे मला तू कधी बोलली नाहीस.

सुलभा काकू (ए-२०३): बोलले की. तुम्ही म्हणालात, सगळेच घोरतात.

डॉ. मेघना (सी-५०१): काकू, बरं झालं लिहिलंत. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, त्या क्षणी बीपी आणि ठोके दोन्ही वर जातात. आजार जास्त असेल तर हे तासाला तीस-तीस वेळा होतं आणि सकाळी माणसाला काहीच आठवत नाही. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत दहा ते वीस टक्के उतरतं, हृदयाला तेवढीच विश्रांती. ॲप्नियात ती विश्रांतीच मिळत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की बीपी गोळ्यांना दाद देत नाही, ठोके अनियमित होऊ शकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो.

काका, बीपीच्या गोळ्या किती?

मोहन काका (ए-२०३): दिवाळीनंतर तिसरी सुरू केली. तरी वरचा दीडशेच्या आसपास असतो. रात्री लघवीलाही तीनदा उठतो, ते मी वयावर ढकलत होतो.

डॉ. मेघना (सी-५०१): हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. स्लीप स्टडी करून घेऊ. एक रात्र, बोटाला, छातीला, नाकाशी सेन्सर लावतात, हल्ली घरीही होते. निघालंच तर सीपॅपचं मशीन असतं, मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळणं हेही त्यात येतं. काकू, आज रात्री फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. तो दाखवला की निम्मं काम होतं. आणि चटई परत घाला, दुपारची झोप बंद करून यातलं काहीच सुटणार नाही. फक्त तोवर काकांनी गाडी चालवू नये. सिग्नलला डुलकी लागणारे पेशंट मी पाहिलेत.

विजया काकू (बी-१०२): अगं मेघना, मग आम्ही बायकांनी काय करायचं? पाचला उठून डबे, मग धुणी, दोन वाजले की मला उभं राहवत नाही.

डॉ. मेघना (सी-५०१): तुम्ही झोपा काकू, खुशाल. दुपारी एक ते तीन शरीराची लय मुळातच खाली असते, जेवला नाहीत तरी. पोटभर भात झाला की ती जास्त जाणवते. गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आत. तासाच्या वर गेलात की गाढ झोपेतून उठता, अंग जड राहतं आणि रात्री अकरा वाजले तरी झोप येत नाही. वैद्यांचंही चूक नाही. त्यांच्याच शास्त्रात उन्हाळ्यात, म्हाताऱ्या माणसांना आणि जागरण झालेल्यांना सूट आहे, ते त्यांना विचारा.

सत्तरीपुढच्यांनी एक लक्षात ठेवा, जेवणानंतर बीपी थोडं उतरतं. झोपेतून बेल वाजली म्हणून ताडकन उठू नका. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभं राहा. पडून खुबा मोडलेले मी दरवर्षी बघते.

आणि हल्ली अचानक झोप वाढली असेल, जिना चढताना धाप लागत असेल, पाय सुजत असतील, तर मेसेज वाचत बसू नका, दाखवायला या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ईसीजी एवढं तरी बघायला हवं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही दिवसभर झोप येते. मात्र बीपीची गोळी मनाने बंद करू नका.

प्रज्ञा (सी-३०४): ताई, मी पहाटे साडेचारला उठते, सहा-वीसची लोकल. रात्री पाच तास मिळतात जेमतेम. रविवारी दुपारी तीन-तीन तास झोपते. चालेल?

डॉ. मेघना (सी-५०१): ती थकबाकी आहे प्रज्ञा, ती झोप घे. पण रविवारने आठवडा भरून निघत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयासाठी जपायच्या गोष्टींच्या यादीत झोप घातली, बीपी-साखर-कोलेस्टेरॉलच्या बरोबरीने. मोठ्यांसाठी सात ते नऊ तास. डोंबिवलीकरांना ते सांगताना माझाच जीव तुटतो, कारण ते तास गाडीत जातात हे मला माहीत आहे. रात्री मोबाईल अर्धा तास आधी ठेवलास तरी तेवढं पदरात पडेल.

नितीन (बी-४०१): विषय निघालाच आहे तर एक बोलतो. मी अमेरिकेच्या शिफ्टला असतो, सकाळी सात ते दोन झोपतो. माझं ठीक आहे, खोलीला जाड पडदे आहेत. आपले रात्रीचे वॉचमन काका मात्र पंपाच्या खोलीशेजारी झोपतात. अकराला मोटर लागते, वर ए-४०२ मध्ये टाइल्स काढायला ब्रेकर चालू आहे. परवा दुपारी खाली गेलो तर कानात कापूस घालून, डोळ्यांवर गमछा बांधून बसूनच झोपले होते. हात भिंतीला टेकलेला. त्यांची ती दुपारची झोप नाही, रात्रीची आहे.

डॉ. मेघना (सी-५०१): नितीन, हे फार महत्त्वाचं लिहिलंस. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांवरचे बरेच अभ्यास २०१२ मध्ये एकत्र तपासले होते, वीस लाखांवर लोक. हार्ट अटॅकचं प्रमाण २३ टक्के जास्त होतं. वॉचमन काकांचं वय पंचावन्न तरी असेल. कोणी त्यांचं बीपी कधी पाहिलंय का?

अनिल दादा (सेक्रेटरी): नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही कधी. ए-४०२ ना विनंती, ब्रेकरचं काम दुपारी दोन ते पाच करावं. मोटरची वेळ सकाळी आठला आणतो, टाकी भरायला तेवढी पुरते.

ए-४०२: चालेल. मिस्त्रींना आजच सांगते. आम्हाला कल्पनाच नव्हती.

सुलभा काकू (ए-२०३): जुन्या ऑफिसच्या खोलीत त्यांना झोपू देता येईल का? तिथे पंखा आहे, रस्त्याचा आवाजही नाही.

अनिल दादा (सेक्रेटरी): कमिटीतले तिघे हो म्हणाले तर उद्यापासून. जुन्या फाइली हलवाव्या लागतील, दोघा-तिघांनी संध्याकाळी सातला यावं.

नितीन (बी-४०१): मी येतो. शिफ्ट साडेआठला आहे.

डॉ. मेघना (सी-५०१): मी मशीन घेऊन येते, त्यांचं बीपी बघू. ड्यूटी आठला ना त्यांची? काका, तुम्हीही खाली या, तुमचंही बघते. काकू, व्हिडिओ विसरू नका.