नाकाच्या स्प्रेनं रक्त आलं, बंद करू काय?

वावरातला: मंडळी, लवकर सांगा. शिंका येतात, नाक चोंदते म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. चार दिवस झाले, फरक काहीच नाही, उलट आज रुमालाला रक्त लागलं. शेजारचे काका म्हणतात त्यात स्टेरॉईड आहे, हाडं ठिसूळ होतात. परवा सोयाबीनला थ्रेशर लागते, कुटारात उभं राहायचं आहे. बंद करू काय?

पैनगंगाकाठ: स्प्रेचं नाव? वय? बाकी काय औषध चालू आहे? एवढं तरी सांगा भाऊ.

जुनी_सर्दी: बंदच करा. माझ्या मावसभावाला स्टेरॉईडच्या गोळ्यांनी तोंडावर सूज आली, शुगर वाढली. मी रोज जलनेती करतो, कोणत्याच औषधाची गरज नाही.

मेडिकलवाली: गोळी आणि स्प्रे एका मापात नका तोलू. मोमेटासोन या स्टेरॉईड स्प्रेचा एक फवारा ५० मायक्रोग्रॅमचा, प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडची लहानशी गोळीही ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. शिवाय स्प्रेतलं औषध रक्तात फारच थोडं उतरते. चार दिवसांत निकाल लावू नका, पुरता गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. काचबिंदू असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगायचं. आणि जुनी_सर्दी, नेतीचं पाणी उकळून थंड केलेलं असते ना?

जुनी_सर्दी: फिल्टरचं असते. लोकांना घाबरवू नका.

मेडिकलवाली: घरचा फिल्टर त्यासाठी पुरत नाही. नाकात घालायचं पाणी उकळूनच घ्या, हे मी कळकळीनं सांगते.

कापूसवाला: बांधावरचं गाजर गवत फुलावर यायच्या आधी उपटा, हातमोजे घालून. शिंकांचं मूळ तिथं आहे. तिकडं सोयाबीन काय भावानं चाललं?

पैनगंगाकाठ: भावाचं दुसरीकडं विचारा. वावरातला, स्प्रे मारता कसा?

वावरातला: मान मागं टाकून, सरळ आत, मग जोरात ओढतो. घशात कडू लागते.

पैनगंगाकाठ: तिथंच चुकते. मलाही असंच रक्त यायचं, मग सेवाग्रामला दाखवलं तेव्हा शिकवलं. आधी नाक शिंकरा, बाटली हलवा. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या. नळीचं तोंड कानाकडं, मधल्या पडद्याकडं नाही. श्वास हळूच घ्या. सुरकन ओढलं की औषध घशात जाते.

वावरातला: हे कोणी सांगितलंच नव्हतं. नाव फ्लुटिकासोन, वय ४१, बीपी-शुगर नाही. दुसरं औषध म्हणजे नाक मोकळं करायचे ड्रॉप, ते साधेच आहेत. पोळ्यापासून रोज रात्री टाकतो.

मेडिकलवाली: पोळ्यापासून! अहो, हे आधी सांगायचं. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन असले ड्रॉप तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत. पुढं ड्रॉपचा असर उतरला की नाक आणखी बंद होते, मग पुन्हा ड्रॉप. तुम्ही ज्याला भिता ते स्टेरॉईड राहिलं बाजूला, खोड तर या साध्या बाटलीची आहे. डॉक्टरांना सांगितलं होतं?

वावरातला: नाही. आता फोन केला. ड्रॉप सोडा म्हणाले, रक्त थांबेपर्यंत स्प्रे दोन दिवस बंद, मग नीट मारा. पुन्हा आलं तर येऊन दाखवा. थ्रेशर मंगळवारवर ढकललं, तोंडाला मास्क बांधीन. आठ वर्षांच्या पोरीलाही शिंका येतात, तिला याच बाटलीतला एक-एक फवारा मारू काय?

मेडिकलवाली: नका मारू. लेकरांचा डोस वेगळा, महिनोन्‌महिने चालला तर उंचीवर लक्ष ठेवावं लागते. आणि एकाच्या नाकातली नळी दुसऱ्याच्या नाकात नको. तिला वेगळं दाखवा.