पोलिसाला मधलं बोट दाखवलं तर शिक्षा व्हावी का?

डेट्रॉईटकर:
आमच्या मिशिगनमधल्या टेलर शहरातली २०१७ची घटना. वेगात गाडी हाकली म्हणून पोलिसाने एका बाईंना थांबवलं, पण दया येऊन हलक्या कलमाचं चलन फाडलं. निघताना बाईंनी त्याला मधलं बोट दाखवलं. त्याने लगेच गाडी पुन्हा अडवली आणि चलन बदलून वेगमर्यादा मोडल्याचं केलं. बाई कोर्टात गेल्या. २०१९ मध्ये फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की हा उद्धटपणा असेल, पण गुन्हा नाही. दुसऱ्यांदा अडवायला कारणच नव्हतं. निकाल शंभर टक्के योग्य आहे. दुसरं चलन वेगाचं नव्हतंच, बोटाचं होतं.

हवालदाराची लेक:
अजिबात पटलं नाही. माझे बाबा विसर्जनाच्या बंदोबस्ताला सकाळी जायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. बूट काढले की मोजे पायाला चिकटलेले. अशा माणसाला कुणीही घाणेरडे हातवारे करावेत आणि त्याने गिळावं? वर इथे तर त्याने सवलत दिली होती!

डेट्रॉईटकर:
ताई, बाबांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण सवलत देणं पोलिसाच्या हातात होतं, अपमान झाला म्हणून शिक्षा वाढवणं नव्हतं. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याने राग आवरायलाच हवा.

वकिली चष्मा:
भारतात हे जसंच्या तसं चालणार नाही. राज्यघटनेच्या कलम १९(२) नुसार सभ्यता आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी बंधनं घालता येतात. तरी बेंगळुरूच्या एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल लिहिलं, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला.

हवालदाराची लेक:
ती तक्रार होती. काय चुकलं ते लिहिलं होतं. बोटात कसली तक्रार? भर चौकात असं झालं की मागचा दुचाकीवालाही त्या हवालदाराला जुमानत नाही.

डेट्रॉईटकर:
चौकातला मुद्दा मान्य. तिथे कुणी वाहतूक अडवली, अंगावर धावून गेलं तर जरूर पकडा, त्यासाठी कायदा आहे. पण नुसत्या बोटासाठी नको. कुठला राग सभ्य, हे ज्याच्यावर राग आहे त्यालाच ठरवू दिलं तर उद्या “साहेब, पावती द्या” म्हणणाराही उद्धट ठरेल. तसं होतंही.

हवालदाराची लेक:
पावती मागणाऱ्याच्या बाजूने मीही उभी राहीन. बोट दाखवणाऱ्याच्या नाही.