बुडणार, बुडणार म्हणता म्हणता…

तिरपागडा (धागाकर्ता)

"फार तर दोन वर्षं, मग ह्या सोशल मीडियाचा बाजार उठलाच समजा." परवा एकाने हे ठासून सांगितलं. कुठे? सोशल मीडियावर. वर 'जास्तीत जास्त शेअर करा' हेही होतं.

जगबुडीच्या भाकितांचा मला जुना नाद आहे. अमेरिकेत विल्यम मिलर ह्या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. काढून खाणार कोण? मग २३ तारीख उजाडली. हॅरॉल्ड कॅम्पिंग ह्या रेडिओवरच्या धर्मोपदेशकाने २१ मे २०११ सांगितली, ती हुकल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्याच वर्षी माया कालगणनेचं एक चक्र संपत होतं, त्याचा गवगवा तर सगळ्यांनाच आठवत असेल. एक तारीख चुकली की माणसं गप्प बसत नाहीत, दुसरी काढतात.

आता ह्याच जातीचं आपल्या विषयातलं उदाहरण. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी साथीच्या रोगाचं गणित फेसबुकला लावलं. रोग पसरतो, मग ओसरतो, तसंच. मोजमाप म्हणून गूगलवर 'फेसबुक' हा शब्द किती शोधला जातो ते घेतलं आणि निष्कर्ष काढला की २०१५ ते २०१७ च्या दरम्यान ८० टक्के वापरकर्ते जातील. फेसबुकच्या विश्लेषकांनी तीच पद्धत प्रिन्स्टनला लावून दाखवली: २०२१ पर्यंत तिथे एकही विद्यार्थी उरत नाही! प्रत्यक्षात जून २०१७ मध्ये फेसबुकने महिन्याला २ अब्ज वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडला.

म्हणून विचारतो, ह्या तारखा कोणाला आणि कशासाठी लागतात?

खारीचा वाटा

तुलनाच लंगडी आहे हो. जग आजवर एकदाही बुडालेलं नाही. सोशल नेटवर्कं मात्र ढिगाने बुडाली. फ्रेंडस्टर गेलं. मायस्पेस २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला विकलं गेलं, २०११ मध्ये साधारण साडेतीन कोटींना. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळलं. आणि प्रिन्स्टनवर तुम्ही हसताय त्याच वर्षी, ३० सप्टेंबरला, ऑर्कुटने मान टाकली. म्हणजे इथे 'बुडणार' म्हणणारा बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. तुम्ही एक चुकलेलं भाकीत पकडून पाठ थोपटून घेताय.

आगलाव्या

+१. धागाकर्त्याला बोटीवर बसून 'पाणी कुठाय?' विचारायची सवय दिसते.

तिरपागडा

खारीचा वाटा, मुद्दा बिनतोड आहे, पण माझ्या बाजूने जातो. नेटवर्कं मरतात हे कोण नाकारतंय? माझं भांडण तारीख देणाऱ्याशी आहे. त्यात कर्णा हातात घेणारे वेगळेच. नोव्हेंबर २०२२ आठवा. मालक बदलल्याला महिनाही झाला नव्हता आणि ट्विटरवर निरोपाचे संदेश सुरू झाले. 'ही बहुधा माझी शेवटची पोस्ट' म्हणणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, पुन्हा निरोप घ्यायला! ट्विटरला श्रद्धांजली हा विषय त्या दिवशी ट्विटरवरच सगळ्यात गाजत होता. मढ्यालाच खांदेकरी करायचा हा प्रकार.

रॉबर्ट मेटकाफ मात्र मला आवडतात. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटच्या जनकांपैकी एक. १९९५ च्या शेवटी त्यांनी लिहिलं की १९९६ मध्ये इंटरनेट कोसळेल, नाहीतर शब्द गिळीन. नाही कोसळलं. तेव्हा १९९७ मध्ये त्यांनी भर परिषदेत तो छापील लेख पाण्यासकट मिक्सरमध्ये फिरवला आणि खरोखर प्यायले. बाकीच्यांनी निदान घोटभर तरी प्यावं.

बगशोधक

मिक्सरचा किस्सा भारी, पण 'काही झालं नाही' आणि 'धोका नव्हता' ह्यांत फरक असतो. मी वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक तारखा चुकवतील ह्या भीतीच्या काळात, कोबोल ह्या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्रॅम तपासायला होतो. वर्षाला दोनच आकडे, ९९ नंतर ००. कर्जाची मुदत मोजणाऱ्या एका हिशेबात परतफेडीची तारीख कर्ज देण्याच्या आधीची येत होती. अशा ओळी एकेक करून शोधायच्या, दुरुस्त करायच्या, परत चालवून बघायच्या. दोन वर्षं तेच केलं. १ जानेवारी २००० ला फारसं बिघडलं नाही आणि लोक म्हणाले, बघा, उगाच घाबरवलं. इतका राग मला आयुष्यात कमी वेळा आलाय.

तेव्हा ओरडणाऱ्यांना सरसकट कॅम्पिंगच्या रांगेत बसवू नका. आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात आला, तोही कोणीतरी कटकट केली म्हणूनच.

निमूट

मी सहसा लिहीत नाही. एका साइटवर माझं सहा-सात वर्षांचं लिखाण होतं आणि त्याखाली एका मैत्रिणीच्या प्रतिक्रिया. ती आता नाही. साइट बंद होणार असल्याची मेल आली होती, तीन महिन्यांची मुदतही दिली होती. ती मेल सवलतींच्या दोन जाहिरातींच्या मधे न उघडता पडून राहिली. मी पोचले तेव्हा पान उघडत नव्हतं. भाकितवाले ओरडत होते तेव्हा मीही तिरपागड्यांसारखीच हसले होते.

मायस्पेसने तर २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना पहिल्या बारा वर्षांतलं लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. तेव्हा साइट चालूच होती!

तिरपागडा

निमूट, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाईट वाटलं वाचून.

बगशोधक, वायटूके मान्य. पण ती तारीख कॅलेंडरनेच दिली होती, कोणाला स्वप्नात दिसली नव्हती. बिघाड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत होतं. 'दोन वर्षांत बाजार उठणार' म्हणणाऱ्याला विचारा बरं, कोणत्या ओळीत चूक आहे?

आगलाव्या

ओळ हवी? घ्या. ४ ऑक्टोबर २०२१. नेटवर्कच्या देखभालीत एक आज्ञा चुकली आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सहा-एक तास गायब. आतली यंत्रणाही त्याच नेटवर्कवर, त्यामुळे दुरुस्त करणाऱ्यांनाच आत शिरणं अवघड झालं. किल्ली कुलपाच्या आत! ही रंगीत तालीम नाही तर काय?

तिरपागडा

सहा तास लोकांनी काय केलं? ट्विटरवर जाऊन 'फेसबुक बंद आहे का?' विचारलं.

खारीचा वाटा

तुम्ही सगळे सर्व्हर बंद पडायची वाट बघताय, तिथेच चुकताय. २०२५ मध्ये मक्तेदारीच्या खटल्यात फेसबुकची मालक कंपनी मेटानेच सांगितलं की फेसबुकवर जाणाऱ्या वेळातला जेमतेम १७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं बघण्यात जातो. इन्स्टाग्रामवर ७ टक्के. बाकी सगळं अनोळखी लोकांचे व्हिडिओ आणि आता यंत्राने बनवलेली चित्रं. गप्पा कधीच बंद गटांत गेल्या. दुकानाची पाटी तीच आहे, माल बदललाय. तुमच्या २ अब्जांच्या आकड्यात हे दिसतं का?

तिरपागडा

नाही दिसत. हा १७ टक्क्यांचा आकडा मला खटकला, खरंच. मीही तिथे शेवटचं कोणा मित्राचं काही वाचलं ते आठवून बघतोय आणि पटकन आठवत नाहीये. पण हे भाकीत नव्हे, पंचनामा आहे. पंचनाम्याशी माझं भांडण नाही.

बगशोधक

मग पुढे काय? मास्टोडॉन ह्या सोशल नेटवर्कसारखे प्रयोग आहेतच. मालक एक नाही, सर्व्हर अनेक, आणि एकमेकांशी बोलायची पद्धत २०१८ पासून प्रमाणित झालेली. गर्दी नाही, हे खरं. पण 'ईमेल मेली' हेही मी कित्येक वर्षं ईमेलमध्येच वाचतोय.

निमूट

मी मघाशी आहे त्या खात्याची प्रत मागवली. 'फाइल तयार होत आहे, काही दिवस लागू शकतात' म्हणतंय. ह्या वेळी त्या मेलवर लक्ष ठेवून आहे.