मदत हवी आहे: नुनावुतमधले पक्ष नसलेले आमदार

मंडळी, राज्यशास्त्राच्या वर्गासाठी कॅनडातल्या नुनावुतवर टिपण करतेय. १९९९ साली वेगळा झालेला हा प्रदेश भारताच्या निम्म्याहून मोठा, लोकसंख्या मात्र चाळीस हजारांच्या आसपास, बहुतेक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. गावं २५, पण एका गावातून दुसऱ्या गावी जायला रस्ताच नाही. ओटावाच्या संसदेत एवढ्या मुलखाचा खासदार एक!

विधानसभेत २२ आमदार, पक्ष नाहीत. मुख्यमंत्री आणि मंत्री आमदारच निवडतात. मला अडतंय ते इथे: घरांची टंचाई, किराण्याचे चढे भाव असे प्रश्न एकटा आमदार सरकारकडे लावून कसा धरतो? व्हिप नाही ही मोकळीक, की पाठबळच नाही? (मला पाठबळच नाही असं वाटतं.)

नुनावुतच्या राजधानीत, इकालुइटला, कुणी राहिलंय का? तिथलं कामकाज पाहिलं असेल तर फारच उत्तम.