स्वादुपिंडाचा कॅन्सर: ट्रायलच्या औषधाला हो म्हणावं का?

निळीशाई: बाबा ६४ वर्षांचे. गाठ दुसरीकडे पसरलेली नाही, पण मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घालून बसलीय, म्हणून ऑपरेशन होणार नाही. डॉक्टर ट्रायल सुचवतायत: नेहमीची केमो, आणि वर नवं औषध किंवा नुसतं सलाईन. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय. धावपळ करायला मी एकटीच, पंधरवड्यातून एकच चक्कर जमेल. काढे कृपया नकोत.

जुनंखोड: घ्या डोळे झाकून. माझा मेहुणा ट्रायलमध्ये होता, तीन वर्षं काढली. (फुप्फुसाचा होता, पण ट्रायल ती ट्रायल.)

रानवाट: डोळे झाकून कशाला? पामरेव्हलुमॅब हे औषध आठवतंय? नेमकं याच अवस्थेसाठी होतं. आधीच्या ३७ पेशंटांच्या ट्रायलमध्ये ते मिळालेल्यांपैकी बरेच जण ऑपरेशनपर्यंत पोचले, सगळे हुरळले. २०२४ मध्ये मोठ्या ट्रायलचा निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. ही कितव्या टप्प्याची आहे ते विचारा.

कावळा७: सलाईनच चढवायचं तर घरी बसलेलं काय वाईट? गिनीपिग करतात नुसते.

रानवाट: अहो, केमो दोन्हीकडे मिळतेय. वर वाचा तरी.

पिंपळपान: आधी रक्तातलं बिलिरुबिन बघा, म्हणजे कावीळ किती ते कळेल. आमच्या आईचं सगळं ठरलं होतं, कावीळ उतरेना म्हणून ट्रायलमधून नाव कापलं. पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) बसवण्यात आणि वाट बघण्यात तीन आठवडे गेले. सीए १९-९ च्या (या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीच्या) आकड्यावर जीव टांगू नका, पित्तनळी तुंबली की तो तसाही चढतो. आणि पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर द्या. आम्ही दोन महिने जेवण झाल्यावर देत होतो.

मधमाशी: काढा नको म्हणालात, पण एकच सांगते, व्यनि (खाजगी निरोप) करा.

जुनंखोड: मी तेच म्हणतोय, घ्या.

ओंजळ: नेहमीची केमो एकदा सुरू झाली की बऱ्याच ट्रायलींची दारं बंद होतात. ट्रायलमधून मात्र कधीही बाहेर पडता येतं. मी तरी सही केली असती.

निळीशाई: आभार. बाबांनी सहमतीपत्र स्वतः वाचलं, पेन्सिलने खुणा करत. ‘दर आठवड्याला’ या शब्दांखाली दोन रेघा, जादा बायोप्सीपाशी पेन्सिल खाली ठेवली. सोमवारी नेहमीची केमो सुरू करतोय. दार बंद होईल म्हटलं, तर म्हणाले, "होऊ दे." रक्त आज दिलंय.

जुनंखोड: चूक करताय.

पिंपळपान: बिलिरुबिन किती आलं?