ली-एनफिल्डवर मुकुट आणि जी.आर.आय.: ही रायफल ब्रिटनची की भारताची?

माळरान (ओहायो): लष्करी सरप्लसमधली बोल्ट-ॲक्शन रायफल आहे. बोल्टच्या मुठीखालच्या लोखंडी भागावर उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली जी.आर.आय., मग घासून गेलेला शब्द, 1942 आणि शेवटी 'एस.एच.टी. एल.ई. III*'. शेजारी बाण, त्याखाली आय. नळीवर बारीक अक्षरांत अमेरिकन आयातदाराचं नाव. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू आहे. विकणारा ब्रिटिश म्हणतो. बोल्टवरचा नंबर बॉडीशी जुळत नाही. झाडता येईल का?

निरगुडी: ब्रिटिश नाही, भारतीय. ब्रिटनमध्ये बनलेल्यावर मुकुटाखाली नुसतं जी.आर. ('जॉर्ज रेक्स', म्हणजे राजा जॉर्ज) असतं. शेवटचा आय 'इंपेरातोर'चा, म्हणजे भारताचा सम्राट. घासलेला शब्द 'इशापूर' असणार. बंगालमधला हुगळीकाठचा कारखाना. 1950 नंतरच्या रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आलं.

बाण ही सरकारी मालाची खूण ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडे होती, म्हणून सोबतचं अक्षर बघायचं: आय म्हणजे भारत, सीच्या आत बाण म्हणजे कॅनडा, यूच्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका, दोन्हीकडे डी असेल तर ऑस्ट्रेलिया. आडवा स्क्रू लाकूड चिरू नये म्हणून नंतरच्या दुरुस्तीत घातलेला. इशापूरची ती ठळक खूण. आयातदाराचं नाव 1968च्या अमेरिकन कायद्यानंतरचं, म्हणजे रायफल त्यानंतर तिकडे आली.

अक्षरं वाचायला तारेचा ब्रश अजिबात नको, काठ कायमचे जातात. ओला पांढरा खडू शिक्क्यावर घासा, वाळल्यावर बोटाने पुसा. खाचेत उरलेली पांढरी रेघ टॉर्च आडवा धरला की स्पष्ट दिसते.

कोयंडा: माझ्या मते नंबरची गोष्ट शिक्क्यापेक्षा मोठी आहे. ली-एनफिल्डचे लग (बोल्टला बॉडीत अडकवून धरणारे उंचवटे) मागच्या बाजूला असतात आणि बोल्ट त्या-त्या बॉडीला बसवून घेतलेला असतो. परका बोल्ट बंद होतो, पण एकच लग टेकतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. दोन्ही लगांच्या मागच्या बाजूला मार्करची शाई लावा, बोल्ट दहा वेळा उघडबंद करा. दोन्हीकडची शाई सारखी पुसली पाहिजे.

मग हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर. या रायफलीचं थ्री-नॉट-थ्री काडतूस मागच्या काठावर टेकतं, त्यामुळे माप काठाचंच: 0.064 इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, 0.074 वर होता कामा नये. झाला तर झाडू नका. गेज नसेल तर गनस्मिथकडे न्या. अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही ही. बॉडीवर डी.पी. (ड्रिल पर्पज) असेल तर ती कवायतीची रायफल, तिथेच थांबा.

माळरान: डी.पी. नाही. सोबत के.एफ. शिक्क्याची काडतुसं मिळाली आहेत.

निरगुडी: के.एफ. म्हणजे खडकीचा कारखाना, पुण्यातला. जुन्या साठ्याचे प्रायमर (काडतूस पेटवणाऱ्या टोप्या) मागे क्षार सोडतात आणि ते नळी गंजवतात. त्याच दिवशी उकळतं पाणी नळीतून ओता, कोरडी करा, मग तेल. तेलाने ते क्षार विरघळत नाहीत. झाडताना नुसता 'टक' आवाज आला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. उशिरा पेटणारं काडतूस अर्धवट उघड्या बोल्टमधून मागे येतं.

कोयंडा: सोपं म्हणजे ती काडतुसं ठेवून द्या आणि नवी घ्या. शिवाय रायफलीवर घासलेला काळा रंग असेल तर तो खरवडू नका. तोही भारतीय दुरुस्तीचाच पुरावा आहे.