जकात, एलबीटी आणि आपलं दुकान : अनुभव सांगा

काल माळा आवरताना बाबांच्या दुकानाची जुनी फाईल सापडली, जकातीच्या (शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावरच घ्यायचे तो कर) पिवळ्या पावत्या आणि एलबीटीची (जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर) चलनं एकत्र दाभणाने ओवलेली. आमचं पुण्यात छोटं स्टेशनरीचं दुकान. १ एप्रिल २०१३ला इथे जकात जाऊन एलबीटी आला तेव्हा बाबा आधी खुश होते, नाक्यावर टेम्पो अडकणार नाही म्हणून. मग कळलं की शहराबाहेरून आणलेल्या प्रत्येक मालाची नोंद आता आपणच ठेवायची, वस्तूगणिक दर वेगळा, चलन भरायचं, रिटर्न भरायचं. वह्या, रबर, कंपासपेट्या विकणारा माणूस रात्री जेवण झालं की रजिस्टर घेऊन बसायचा. १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ झाला. पैसे किती वाचले ते आठवत नाही पण बाबा संध्याकाळी परत गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला लागले हे पक्कं आठवतं. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

किराणावाली : अगं आमचे सासरे एलबीटीविरुद्धच्या व्यापाऱ्यांच्या बंदमध्ये होते, २०१३चा. दुकान बंद आणि मागच्या दाराने शेजारच्या आजींना दूध, साखर देणं चालू, बाळंतीण होती त्यांच्याकडे. भाजी करपतेय, नंतर लिहिते

टेम्पोमालक : नाक्याचं मला विचारा. माल दुसऱ्या गावाचा, नुसतं शहरातून जायचंय तरी रहदारी पास काढा, बाहेर पडताना दाखवा. रात्रभर रांगेत झोपलोय. मुंबईची जकात तर जीएसटी येईपर्यंत होती, जुलै २०१७.

सुरतेचा मराठी : आमच्याकडे २००७लाच गेली जकात

हार्डवेअर : माफी चांगलीच, पण ५० कोटींची रेघ म्हणजे गल्लीतलं दुकान आणि मोठा होलसेलवाला एकाच दावणीला. लहान माणसाला खरी सवलत हवी ती प्रॉपर्टी टॅक्समध्ये. मुंबईत ५०० चौरस फुटांच्या आतल्या घरांना माफ केला, तेवढ्याच गाळ्याला का नाही? आमच्या दहा बाय बाराच्या गाळ्याला घरापेक्षा कितीतरी जास्त दर लागतो. मॉल उभा राहिला की गल्लीतली दुकानं एकेक करत मिटतात आणि मग सगळे हळहळतात.

लेस्टरची काकू : हार्डवेअर दादा, अगदी पटलं. इथे इंग्लंडमध्ये तसं आहे. माझं फरसाण, डब्यांचं दुकान, एकच जागा आणि रेटेबल व्हॅल्यू (करासाठी धरलेलं जागेचं वार्षिक भाडं) १२ हजार पौंडांच्या आत, त्यामुळे बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानाचा प्रॉपर्टी टॅक्स, शून्य. १२ ते १५ हजारांपर्यंत सवलत हळूहळू कमी होत जाते. पण अर्ज आपण कौन्सिलकडे करावा लागतो, इथे कितीतरी जणांना माहीतच नसतं. ही सवलत नसती तर पहिल्या हिवाळ्यातच शटर ओढलं असतं मी.

किराणावाली : काकू पापड पण ठेवता का? आमच्या बचत गटाचे उडदाचे आहेत, पोह्याचे पण

टेम्पोमालक : पापडावर जीएसटी नाही ना?

किराणावाली : नाही हो, शून्य. आणि मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे म्हणून नोंदणीही लागत नाही, २०१९ला मर्यादा २०वरून ४० केली तेव्हा आमच्या बायकांनी पेढे वाटले. पण काकूंना तिकडे पाठवायचे तर वेगळं काहीतरी लागेल, सीएला विचारते.

लेस्टरची काकू : विचार गं, आणि पोह्याचे जास्त धर. दिवाळीच्या आधी हवेत.